लगाम, स्टिअरिंग आणि दलित साहित्यातील आनंद

दलित साहित्यात पायी चालणारी माणसे फार आहेत. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'ची (२००३) सुरुवातच डोंगर तुडवीत रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायांपासून होते. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून एक अख्खे कुटुंब गावोगाव हिंडते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) एस.टी. स्टँड आहे, परंतु ते प्रवासाला निघण्याचे ठिकाण म्हणून येत नाही. तेथे आजोबा हमाली करतात आणि तेथेच मुलाची रात्र जाते. आमच्या आत्मकथनांतून रस्ता असा सतत वाहतो. मात्र त्या रस्त्यावर स्वतःची गाडी स्वतः चालविणारा आणि चालविताना सुखावणारा माणूस माझ्या वाचनात क्वचितच आला. असा माणूस समाजात नाही काय? निश्चित आहे. मग तो साहित्यात का नाही, हा प्रश्न मला येथे उपस्थित करावयाचा आहे.

यावर एक तयार उत्तर आहे. मोटार हा चंगळीचा विषय आहे, आणि आमचे साहित्य वेदना, विद्रोह आणि नकार या त्रयीवर उभे आहे. लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात आनंद हा साहित्याचा निकष नाकारला. ज्या साहित्याने वाचकाला अस्वस्थ करावयाचे, त्याला आनंदाच्या फूटपट्टीने मोजू नये, हे त्यांचे म्हणणे प्रस्थापित समीक्षेपुढे उभे राहताना आवश्यक होते आणि मला ते मान्य आहे. परंतु त्या भूमिकेचा पुढे एक सोयीस्कर अर्थ काढला गेला. वाचकाला आनंद देणे हे साहित्याचे प्रयोजन नव्हे, एवढाच तिचा आशय होता. दलित माणसाचा आनंद हा साहित्याचा विषयच नव्हे, असे त्यात कोठेही अभिप्रेत नव्हते. आमच्या समीक्षेने ही दोन विधाने एक करून टाकली. त्यामुळे आमचा लेखक उपाशी माणूस लिहितो तेव्हा तो अस्सल ठरतो, आणि पोट भरलेला माणूस लिहू लागला की 'मध्यमवर्गीय झाला' असा शेरा मारला जातो.

वाहनाचा प्रश्न किरकोळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा आत्मकथनाकडे पुन्हा वळावे. त्यातील दोन प्रसंग वाहनाचे आहेत. पहिला १९०१ चा. साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघालेली पोरे मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाही. शेवटी तोड निघते ती अशी, की भाडे दुप्पट द्यावयाचे, बैल पोरांनी हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. दुसरा प्रसंग २३ ऑक्टोबर १९२९ चा, चाळीसगावचा. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य असलेले बॅरिस्टर आंबेडकर तेथे उतरले. टांगेवाल्यांनी महाराला बसवून टांगा हाकण्यास नकार दिला. वस्तीच्या लोकांना, आपल्या पाहुण्याने पायी यावे, हे सहन होईना. त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसविला. त्याने कधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर चाक अडकले, घोडा गाडीसकट नदीत गेला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले.

आम्ही हे प्रसंग अस्पृश्यतेच्या क्रौर्याचे पुरावे म्हणून वाचतो. ते आहेतच. परंतु त्यांत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे समीक्षेचे लक्ष गेलेले नाही. दोन्ही ठिकाणी वाहन मिळाले, बैलगाडीही मिळाली आणि टांगाही. नकार होता तो लगाम धरण्याचा. गाडीवानाच्या हातचे कसब या प्रवाशाच्या सेवेला जुंपले जाणार नव्हते. त्यामुळे लगाम आमच्या हाती आला, पण तो शिक्षा म्हणून आला, आणि कसब नसताना आला. चाळीसगावच्या लोकांनी सन्मानाचा विचार केला. प्रवाशाचा जीव सन्मानाआधी येतो, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात राहिले नाही, अशी नोंद स्वतः बाबासाहेबांनी केली आहे. ती नोंद मला फार महत्त्वाची वाटते. सन्मान आणि कसब यांची फारकत ही जातिव्यवस्थेची करणी आहे. जात म्हणजे श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी, हे त्यांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन'मध्ये मांडले. ज्याच्या हाती कसब त्याला मान नाही, आणि ज्याला मान त्याने कामाला हात लावावयाचा नाही, हा त्या विभागणीचा रोजचा व्यवहार आहे.

आता मोटारीकडे येऊ. आपल्याकडे आलिशान मोटार म्हणजे मागची सीट. मालक मागे आणि चालक पुढे. चालकाला रस्ता कळतो, इंजिनाचा आवाज कळतो, ब्रेक कोठे दाबायचा ते कळते, पण तो 'ड्रायव्हर' असतो आणि दरवाजा उघडून उभा राहतो. या व्यवस्थेत आमची शेकडो माणसे पुढच्या सीटवर बसली. नामदेव ढसाळ यांनी मुंबईत टॅक्सी चालविली. 'गोलपिठा' (१९७२) लिहिणाऱ्या कवीने ते शहर पुढच्या काचेतून पाहिले होते, हे त्या कवितेच्या अभ्यासकाने विसरू नये. आज आमच्या भागात सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक आष्टी-चामोर्शीच्या बाजूने जातात. त्यांच्या चाकांवर बसलेली पोरे कोणाच्या घरची आहेत, हे वेगळे सांगावयास नको. कसब त्यांचे आहे, ट्रक त्यांचा नाही.

ज्या मोटारीला बाजारात 'स्पोर्टी' म्हणतात ती या ठिकाणी वेगळी पडते. तिचा सगळा दिमाख पुढच्या सीटसाठी असतो. मागे बसून तिचे सुख कळत नाही, ती स्वतः चालवावी लागते. माझ्या एका वर्गमित्राने अशी सेदान घेतली, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळविलेली, दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि १९० अश्वशक्तीची. गाडी नवी असताना त्याने गडचिरोली ते चामोर्शी रस्त्यावर ती माझ्या हाती दिली. मी लपवून ठेवीत नाही, मला अतोनात सुख झाले. सीट जमिनीजवळ, त्यामुळे रस्ता अंगाखालून जातो आहे असे वाटते. पाय किंचित दाबला की पाठ सीटला टेकते, आणि पुढचा ट्रक ओलांडून होईपर्यंत इंजिनाचा आवाज चढलेलाही नसतो. वळणावर गाडी झुकत नाही. स्टिअरिंग जेवढे फिरवावे तेवढेच चाक वळते, ना कमी ना जास्त. हाताने मागितले आणि यंत्राने तेवढेच दिले, असा तो अनुभव. आयुष्यभर अर्ज केल्यावर मागितल्यापेक्षा कमीच मिळत आलेल्या माणसाला या चोख देवघेवीचे केवढे अप्रूप वाटते, हे अनुभवल्याशिवाय कळणे कठीण आहे.

या मित्राचे वडील तीस वर्षे दुसऱ्यांच्या जीपगाड्या चालवून निवृत्त झाले. नवी गाडी दारात आली तेव्हा त्यांनी रंग पाहिला नाही, किंमत विचारली नाही. बॉनेट उघडायला लावले, इंजिन सुरू करायला सांगितले आणि मान वाकडी करून बराच वेळ ऐकत राहिले. मग मुलाने मागचा दरवाजा उघडला. म्हातारा जागचा हलला नाही. "मागं साहेब बसते, आपून नाही," एवढेच म्हणाला आणि पुढे येऊन बसला. हे वाक्य लाचारीचे की अभिमानाचे? मला दोन्ही वाटले. मागची सीट आपली नाही, ही सवय त्यात होती. चाकाजवळची जागा आपली आहे, हा हक्कही होता. एका वाक्यात इतका इतिहास असताना आमचा कथाकार त्याच्याजवळून पुढे निघून जातो, कारण त्यात उपासमार नाही!

याच्या उलट टोकाला दुसरी एक मांडणी आहे. मोटार आली की जात गेली, असे ती सांगते. २००५ मध्ये पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर स्थापन झाले, त्यानंतर तिला बळ मिळाले. उद्योजकतेचे महत्त्व मी नाकारीत नाही. ज्यांनी आम्हाला शतकानुशतके संपत्ती बाळगू दिली नाही, त्यांच्या लेकरांनी आम्हाला साधेपणाचे धडे द्यावेत, हा विनोद पुरे झाला. बाबासाहेबांनी सूट घातला आणि पुस्तकांसाठी 'राजगृह' बांधले, यातच त्या धड्यांना उत्तर आहे. परंतु मोटारीने जात जाते, हे खरे नाही. मोटारीत कोणी कोणाला शिवत नाही, एवढेच. काच वर केली की शिवण्याचा प्रश्न सुटत नाही, पुढे ढकलला जातो. गाडीतून उतरून भाड्याचे घर विचारावयास जावे, मग आडनाव विचारले जाते आणि १९० अश्वशक्ती दारातच राहते.

शिवाय मोटार हवेतून येत नाही, ती कर्जातून येते. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक-व्यावसायिकांनी एकाच वेळी दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या. व्यवहार सुमारे पासष्ट कोटींचा होता आणि बँकेने त्यासाठी सात टक्क्यांच्या आसपास व्याजाने कर्ज दिले. त्याच मराठवाड्यातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जावर याहून कितीतरी जादा व्याज भरावे लागते, हे पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी दाखवून दिले. हे शहर कोणते, याचाही वाचकांनी विचार करावा. १९५० साली मिलिंद महाविद्यालय याच शहरात सुरू झाले आणि दलित साहित्याची एक मोठी पिढी तेथे घडली. एकाच शहराने आम्हाला भाषा दिली आणि देशाला दीडशे मर्सिडीजची बातमी दिली. या दोहोंना एकत्र बघणारी कादंबरी मराठीत कोठे आहे? व्याजाचा दर हाही जातवास्तवाचा भाग आहे. तो ज्या लिखाणात येत नाही, ते गाडीचे वर्णन जाहिरातीच्या पलीकडे जात नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने (२०१६) या बाबतीत मराठी समीक्षेच्या पुढे पाऊल टाकले, असे माझे मत आहे. तेथे बुलेट आणि ट्रॅक्टर चालविते ती आर्ची, पाटलांची मुलगी. प्रेक्षकांनी त्यात स्त्रीमुक्ती पाहिली, आणि ते बरोबरच आहे. पण बुलेट घरात असणे, ट्रॅक्टर दाराशी उभा असणे आणि गावातून तो हाकताना कोणी अडविणार नाही याची खात्री असणे, ही सत्तेची तीन लक्षणे आहेत. तिच्या हातातील निर्भयपणा खरा आहे, आणि तो जमिनीच्या सातबाऱ्यावरही उभा आहे. कॅमेरा हे दोन्ही दाखवितो. वाहनाचा आनंद लिहिताना ही दुहेरी नजर लागते.

म्हणून आमच्या लेखकांकडून माझी अपेक्षा स्पष्ट आहे. गाडी चालविण्याचे सुख लिहा, शरमू नका. आग्र्याच्या १९५६ च्या भाषणातील, शिकलेल्यांनी दगा दिला, ही बाबासाहेबांची खंत आमच्या तोंडावर वारंवार फेकली जाते. ती खंत आमच्या पगाराबद्दल नव्हती, पाठ फिरविण्याबद्दल होती. सुख लपविणारा लेखक पाठ फिरविणाऱ्याइतकाच खोटा असतो. त्याची माणसे कागदावर दुःखी राहतात आणि तो स्वतः हप्ते भरून सुखाने फिरतो. वाचकाला हे समजते. आमच्या कॉलेजातील मुलांना तर लगेच समजते. त्यांना आजोबांचे दुःख ठाऊक असते. त्यांना स्वतःच्या हौसेला शब्द हवा असतो, आणि तो आम्ही न दिल्यास जाहिरातवाला देतो.

पण लिहिताना पुढची काच पुसून लिहा. आमच्या रस्त्यावर मोहाची झाडे आहेत, धानाचे बांध आहेत, मार्कंड्याला निघालेले भाविक आहेत. शाळकरी मुलींची मानव विकासाची निळी एस.टी. आहे. आणि रस्त्याच्या कडेने मोळी घेऊन चालणारी आदिवासी बाई आहे. १९० अश्वशक्तीची गाडी तिच्याजवळून जाताना तिला कडेची माती गाठावी लागते. 'आयदान'मधल्या बायांची ती बहीण आहे. ती आरशात दिसेनाशी होते त्या क्षणी चालविणाऱ्याला काय वाटते, यावर त्या लिखाणाची कसोटी लागेल. काहीच वाटले नाही, तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. निदान आम्ही कोठवर आलो हे कळेल.

मसूरला लगाम हाती आला तो अपमानातून. चाळीसगावला आला तो सन्मानापोटी, पण कसबाशिवाय. ढसाळांच्या हाती कसब होते, ते पोटासाठी. आज आमच्यातील थोड्यांच्या हाती कसब, मालकी आणि सुख ही तिन्ही एकत्र आली आहेत. हे थोडेच आहेत, आणि का थोडे आहेत, हेही लिहावे लागेल. परंतु जे घडले आहे ते वाङ्मयातून वगळून विद्रोह अधिक शुद्ध होतो, ही समजूत आता सोडली पाहिजे. आनंदाचा हिशेब न ठेवणारी समीक्षा वेदनेचाही हिशेब नीट ठेवू शकत नाही.