सद्गुणांचा जमाखर्च

संगणकावरील खेळांविषयी आपल्या धर्मग्रामांत बोलणे निघाले, की ते बहुधा दोन वाक्यांत आटोपते : मुलांचा वेळ जातो आणि डोळे बिघडतात. दोन्ही तक्रारी रास्त आहेत. परंतु तेवढ्याने खेळाची पारख होत नाही. ही कृती माणसाविषयी काय सांगते, हा प्रश्न आपण कथेला आणि नाटकाला विचारतो. तो खेळालाही विचारावयास हवा. ज्या मालिकेने हा प्रश्न आपण होऊन अंगावर घेतला, त्या ‘अल्टिमा’ या अमेरिकन खेळमालिकेचा परामर्श आम्ही येथे घेत आहोत.

तिचे कर्ते रिचर्ड गॅरियट हे अंतराळवीर ओवेन गॅरियट यांचे चिरंजीव. टेक्सासमध्ये शालेय वयातच त्यांनी ‘अकलाबेथ’ हा खेळ रचला आणि १९७९ साली तो प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून एका दुकानातून विकला. १९८१, १९८२ आणि १९८३ या वर्षी ‘अल्टिमा’चे पहिले तीन भाग आले. साचा एकच : खेळणाऱ्याने वीराची भूमिका घ्यावी, राक्षस मारावेत, धन जमवावे आणि शेवटी एका महादुष्टाचा नाश करावा. वाटेत त्याने चोरी केली, निरपराध नागरिकाचा जीव घेतला, तरी त्याच्या वीरपणाला बाध येत नसे. तिसऱ्या भागाच्या वेष्टनावर सैतानासारखी आकृती होती. अशा खेळांविरुद्ध अमेरिकेतील धार्मिक मंडळींत त्या काळी रोष होता. गॅरियट यांना पालकांची संतप्त पत्रे आली.

त्या पत्रांना उत्तर म्हणून १९८५ चा चौथा भाग वाचता येतो. त्यात मारावयाचा महादुष्टच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’पदाला पोहोचणे, हेच ध्येय. सत्य, प्रीती व धैर्य या तीन तत्त्वांच्या मेळातून हे सद्गुण सिद्ध होतात : सत्य आणि प्रीती मिळून न्याय, प्रीती आणि धैर्य मिळून त्याग. अध्यात्मात तिन्ही तत्त्वे आहेत, तर नम्रतेत एकही नाही. तिचे स्थान गर्वाच्या नाशावरून ठरते. गर्वामुळे उद्ध्वस्त झालेले एक नगरही या खेळात दाखविले आहे. गर्व हे पापांचे मूळ, ही आपल्या संतांची शिकवण तिथे ओळखीची वाटते.

या खेळातील एक योजना विशेष दाद देण्याजोगी आहे. औषधी द्रव्ये विकणारी बाई आंधळी आहे. किती नाणी द्यावयाची, हे गिऱ्हाइकाने स्वतः ठरवावयाचे. कमी दिली तरी ती काही बोलत नाही. पण खेळ आतून नोंद ठेवतो आणि पुढे सद्गुणांच्या वाटेवर तुम्ही अडता. कोणी पाहत नसताना आपण कसे वागतो, याची ही कसोटी बारा वर्षांच्या मुलालाही प्रवचनाशिवाय समजते.

मात्र इथेच या रचनेचे उणेपण आहे. भिकाऱ्याला दिलेले एक नाणेही करुणेच्या खात्यात जमा होते. पुन्हापुन्हा दिले की खाते भरते. वैद्याकडे रक्त दिले की त्याग वाढतो. पाय घसरला तर अधिक सत्कृत्ये करून तूट भरून काढावयाची. आपल्या पुण्याचा हिशेब मांडणारा मंदिरातला परूशी इथे सहज जिंकला असता. छाती बडवणाऱ्या जकातदाराला मात्र जागा नाही. या जगात क्षमा मागता येत नाही, कारण क्षमा करणारा कोणी नाही. ‘अवतार’ हा आपल्याकडून गेलेला शब्दही त्यामुळे उलटा झाला आहे. अवतरणे म्हणजे खाली उतरणे. इथे माणूस स्वतःच्या बळावर वर चढतो. देहधारणेच्या रहस्यावर श्रद्धा ठेवणाऱ्या वाचकाला हा फरक जाणवल्यावाचून राहणार नाही.

पुढील भागांत गॅरियट व त्यांचे सहकारी स्वतःच्या कल्पनेलाच प्रश्न विचारू लागले, आणि आमच्या मते हेच या मालिकेचे मोठेपण. १९८८ च्या पाचव्या भागात ब्लॅकथॉर्न नावाचा सत्ताधीश सद्गुणांचा कायदा करतो : खोटे बोलणाऱ्याची जीभ जाईल, अर्धे उत्पन्न दान न करणाऱ्याचे सारेच उत्पन्न जाईल. सद्गुण तेच, पण सक्तीने त्यांचा जुलूम होतो. शब्बाथ माणसासाठी आहे, हे विसरणाऱ्या प्रत्येक धर्मनिष्ठाला ही चपराक आहे. १९९० च्या सहाव्या भागात राक्षस समजून ज्यांना मारले, त्या पंखधारी लोकांचेही स्वतःचे सद्गुण व धर्मग्रंथ आहेत, आणि आपला नायक त्यांच्या दृष्टीने खोटा संदेष्टा आहे, असे उघड होते. अखेरचा तोडगा ज्ञानग्रंथ दोन्ही समाजांना वाचता येईल असा ठेवण्याचा आहे. १९९२ च्या सातव्या भागात एक परोपकारी पंथ येतो. योग्यता आधी, फळ मागाहून, असे त्याचे एक सूत्र. त्यामागे दुष्ट शक्ती उभी असते. चौथ्या भागाच्या हिशेबी नीतीवरील ही नकळत झालेली टीकाच म्हणावी लागेल.

त्याच वर्षी गॅरियट यांची ‘ओरिजिन’ ही संस्था एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. १९९४ चा आठवा भाग घाईत झाला, हे गॅरियट यांनीच पुढे मान्य केले. त्यातील नायक परक्या जगातून सुटका व्हावी म्हणून तिथल्या लोकांचा विध्वंस करतो, आणि सद्गुणांचा मागमूस उरत नाही. १९९९ चा नववा भाग दोषांनिशी बाजारात आला. २००४ मध्ये ‘ओरिजिन’ बंद झाली.

तरीही सात भागांचे हे धन उरते. पालकांना आमचे सुचवणे एवढेच : मुलाच्या शेजारी बसावे आणि या खेळात चुकलेल्याला परत येण्याची वाट आहे का, असे त्याला विचारावे. ‘अल्टिमा’ने न्याय शिकविला, दुसऱ्याच्या बाजूने पाहणेही शिकविले. पण घरी परतलेल्या उधळ्या पुत्राला मिठी मारणारा पिता तिच्या विस्तीर्ण नकाशात कुठेही नाही. तो मुलाला अन्यत्र भेटला पाहिजे. आणि ती जबाबदारी खेळ रचणाऱ्याची नाही, आपल्या घराची आहे.