खण, फोटो आणि परिग्रह

परवा भाचीबरोबर धारवाडच्या सुभाष रोडवर गेले होते. कॉलेजच्या ‘ट्रॅडिशनल डे’साठी तिला खणाची साडी हवी होती. मी म्हटलं, “अगं, खण चोळीचा असतो, साडी कसली?” दुकानदारानं मुकाट्यानं दहा साड्या पुढ्यात पसरल्या. वर खणाची पर्स, खणाची कानातली!

आमच्या आजीच्या लेखी खण म्हणजे गुळेदगुड्डचा; इरकल साडीवर चोळी शिवायची, नाहीतर ओटीत घालायचा. आता मुली तोच खण बुटांबरोबर मिरवतात. यात नाक मुरडण्यासारखं मला काही दिसत नाही. तिकडे इंडोनेशियातली तरुण मुलंही आजीच्या वेळचं बाटिक कमरेला गुंडाळून खाली स्नीकर्स घालतात. २०२२ साली तर जकार्ताच्या उपनगरांतली साध्या घरची पोरं लोकलनं शहरात आली आणि रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवरच त्यांनी फॅशन शो मांडला. कपडे स्वस्तातले, पण तोरा काय! हौसेला पैसा लागत नाही, हे त्यांनी दाखवलं.

माझी तक्रार वेगळी आहे. भाचीनं निवडलेली साडी यंत्रमागावरची, पॉलिस्टरची. हातमागाच्या खणाचं नुसतं नाव तिच्यावर; विणकराच्या हाती त्यातलं काही पडत नाही. शिवाय एकदा फोटो टाकला, की ती साडी ‘जुनी’! परत नेसायची नाही म्हणे. मी आकिंचन्य धर्मावर बोलू लागले, तशी ती म्हणाली, “मावशी, तुझ्या कपाटातल्या किती साड्या तू दोनदा नेसलीस?”

मी गप्प.

घरी येऊन कपाट उघडलं. त्रेसष्टपर्यंत मोजलं आणि थांबले. त्यात निम्म्या रेशमी. पाणी गाळून पिणारी मी. पण एका साडीपायी हजारो कोश आतल्या जिवासकट उकळतात, हे लग्नाच्या बस्त्यात कधी मनात आलं नाही. फॅशन तिची असो की माझी, हाव एकच. तिची फोटोत दिसते, माझी कुलपात राहते, एवढाच फरक.

भाचीनं ती साडी घेतलीच. तिच्यावर रागवायचा हक्क मला उरला नव्हता. बायांनो, परिग्रहपरिमाण हे श्रावकाचं व्रत आहे, आणि परिमाण ठरवायचं तर आधी मोजावं लागतं. यंदा दशलक्षण पर्वाआधी आपापलं कपाट एकदा मोजूया. मुलींना उपदेश त्यानंतर.