शक्य तितके एकाच लेनमध्ये

टेक्सास राज्याच्या वाहतूक संहितेत 545.060 क्रमांकाचे कलम आहे. त्याचा गाभा मराठीत सांगायचा तर असा: दोन किंवा अधिक लेन स्पष्ट आखलेल्या रस्त्यावर चालकाने, एक, शक्य तितके पूर्णपणे एकाच लेनमध्ये वाहन चालवावे, आणि, दोन, सुरक्षितपणे बाहेर पडता येत नसेल तर ती लेन सोडू नये. एवढेच. या एका वाक्याचा अर्थ काय, यावर टेक्सासची न्यायालये पाव शतक भांडली. कायद्याची भाषा रुक्ष असते असे आपण धरून चालतो. हे वाक्य आणि त्याची न्यायाधीशांनी केलेली वाचने सावकाश पाहिली, तर ती समजूत टिकत नाही.

सुरुवात ‘शक्य तितके’ या शब्दांपासून करू. वाहतुकीच्या कायद्याला एरवी आकडे आवडतात. वळण्यापूर्वी किमान 100 फूट इशारा देत राहा, असे याच संहितेत दुसरीकडे लिहिले आहे. इथे मात्र मसुदा लिहिणाऱ्याने माप द्यायचे मुद्दाम टाळले. रेघेवर टायर किती इंच गेला, किती सेकंद राहिला, किती वेळा गेला, काहीच नाही. मोटार माणूस चालवतो, रस्त्यावर वारा असतो, वळणे असतात, कडेला बंद पडलेला ट्रक असतो, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने परिपूर्णता मागितली नाही, प्रयत्न मागितला. दंड करणाऱ्या कायद्यात इतका समजूतदारपणा क्वचित सापडतो. अमेरिकेतल्या राज्यांसाठी 1926 पासून एक नमुना वाहन संहिता तयार होत आली, तिच्यात हे शब्द आहेत. तिथून ते थोड्याफार फरकाने राज्याराज्यांत गेले. त्यामुळे टेक्सास, ओहायो, युटा इथले न्यायाधीश जवळजवळ एकच वाक्य वाचत असतात. गंमत अशी की त्यांचे अर्थ जुळत नाहीत.

अर्थावर इतके काय अडले आहे? 1996 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्रेन खटल्यात एकमताने सांगितले की, वाहतुकीचा नियम मोडल्याचे सबळ कारण दिसत असेल तर पोलिसाने गाडी थांबवणे घटनेला धरून आहे. त्याच्या मनात खरा हेतू कोणता होता, हे पाहिले जाणार नाही. याचा परिणाम मोठा आहे. पोलिसाला एखाद्या गाडीचा संशय आला, पण हातात काही नाही, तर तो मागे मागे जातो आणि टायर रेघेला लागायची वाट पाहतो. टायर लागला की दिवे लागतात, काच खाली होते, बॅटरीचा झोत आत पडतो, आणि पुढे झडती. 545.060 चे खटले म्हणूनच दंडाच्या पावतीवरून फारसे होत नाहीत. ते होतात गाडीत सापडलेल्या गोष्टींवरून. गाडी थांबवणेच बेकायदा ठरले, तर तो सगळा पुरावा वगळला जातो.

त्याच 1996 साली डेन्व्हरच्या संघीय अपील न्यायालयापुढे युटामधला एक खटला आला. भाड्याचा सामानाचा ट्रक महामार्गावर एकदाच दोन फूट उजवीकडे, आपत्कालीन पट्ट्यात गेला होता. न्यायालयाने आधी रस्ता पाहिला, मग नियम. रस्ता वळणावळणाचा होता, मुलूख डोंगराळ, हवा वाऱ्याची. अशा ठिकाणी कोणतेही वाहन एखाद्या वेळी असे सरकू शकते, म्हणून थांबवणे चुकीचे ठरले. त्याच न्यायालयाने 1999 मध्ये कॅन्ससच्या खटल्यात उलट निकाल दिला, कारण तिथे हवा आणि रस्ता चांगले असूनही गाडी पाव मैलाच्या आत दोनदा कडेला गेली होती. दोन निकाल एकमेकांविरुद्ध दिसतात, पण दोन्हींत ‘शक्य तितके’ या शब्दांनाच मान दिला आहे.

टेक्सासची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. तिच्या मुळाशी एक संपादकीय बदल आहे, आणि मला या सगळ्या प्रकरणात तोच भाग सर्वांत वाचनीय वाटतो. 1995 पूर्वीच्या कायद्यात हे एकसलग वाक्य होते: लेनमध्ये राहावे आणि सुरक्षित असल्याची खात्री झाल्याशिवाय ती सोडू नये. 1995 मध्ये वाहतुकीचे विखुरलेले कायदे एका संहितेत आणले गेले. आशय बदलायचा नव्हता, मांडणी नीट करायची होती. त्या मांडणीत वाक्याचे दोन तुकडे झाले आणि प्रत्येकापुढे कंसात आकडा बसला. ‘आणि’ जागच्या जागी राहिला. पण आकडे दिसू लागताच वाचणाऱ्याला एका गुन्ह्याच्या जागी दोन गुन्हे दिसू लागले. शब्द तेच, अर्थ मात्र दुभंगला.

ऑस्टिनच्या अपील न्यायालयाने 1998 मध्ये जुन्या वाक्याकडे बोट दाखवून सांगितले की हा गुन्हा एकच आहे: लेन सोडणे, आणि तेही असुरक्षितपणे. त्या खटल्यात गाडी एकदाच दीड-दोन फूट शेजारच्या, त्याच दिशेने जाणाऱ्या लेनमध्ये गेली होती. धोका कोणाला झाला नव्हता. 2016 मध्ये टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयात काही न्यायाधीशांनी दुसरे वाचन मांडले. (या राज्याला दोन सर्वोच्च न्यायालये आहेत, फौजदारी बाबतीत शेवटचा शब्द याचा.) त्यांच्या मते पहिला तुकडा स्वतंत्र उभा राहतो. लेनमध्ये राहणे शक्य असूनही चालक भरकटला, तर धोका असो वा नसो, नियम मोडला. दुसरा तुकडा मुद्दाम लेन बदलणाऱ्यासाठी. हा युक्तिवाद पोकळ नाही. पेंगुळलेल्या किंवा दारू प्यायलेल्या चालकाची गाडी आधी भरकटते आणि अपघात नंतर होतो. तोवर थांबायचे का, हा प्रश्न रास्त आहे. पण कलमाच्या या अर्थाला बहुमत मिळाले नाही, आणि खालची न्यायालये संभ्रमात पडली.

तो संभ्रम 2 नोव्हेंबर 2022 च्या निकालाने मिटला. या खटल्यातही भाड्याचा सामानाचाच ट्रक आहे. कॉर्पस ख्रिस्तीच्या पोलिसांना वाहनांतल्या चोऱ्यांच्या संदर्भात अशा ट्रकची खबर होती. एका पोलिसाला तसा ट्रक दिसला, तो मागे लागला, आणि ट्रकचा मागचा टायर क्षणभर तुटक रेघेपलीकडे गेल्याचे पाहून त्याने तो थांबवला. आत दुसऱ्यांची ओळखपत्रे आणि कार्डे सापडली. कनिष्ठ न्यायालयाने पुरावा वगळला, अपील न्यायालयाने ते उचलून धरले, आणि फौजदारी अपील न्यायालयानेही. बहुमताने सांगितले की कलम एकच गुन्हा सांगते. लेन सोडणे असुरक्षित होते, असे दाखवता आले तरच नियम मोडला.

या वाचनाचे बळ कशात आहे? दोन तुकडे वेगळे धरून पाहा. दुसरा तुकडा म्हणतो, सुरक्षित असेल तर लेन सोडता येते. पहिला स्वतंत्र गुन्हा मानला, तर एका हाताने दिलेली ही मुभा दुसऱ्या हाताने काढून घेतली जाते. तोल मुद्दाम सांभाळून शेजारच्या लेनमध्ये गेलेला चालक निर्दोष, आणि रिकाम्या रस्त्यावर चार इंच सरकलेला गुन्हेगार, असा विचित्र निष्कर्ष निघतो. कायदे करणाऱ्याने हे योजले असेल, असे मला वाटत नाही. एकत्र वाचले की दोन्ही तुकडे एकमेकांना अर्थ देतात: लेन कशासाठी, तर शेजारच्या गाडीला तुमच्यापासून धोका होऊ नये म्हणून. रंगाचे संरक्षण करणे हा रेघेचा हेतू नाही.

आणि या वाचनाने पोलिसाचे हात बांधले जात नाहीत, हेही 2016 च्याच खटल्यात दिसते. तिथे एका नागरिकाने फोन करून झोकांड्या खाणाऱ्या जीपची खबर दिली होती, पोलिसाने ती जवळपास कठड्याला घासताना पाहिली होती. लेनचा प्रश्न बाजूला ठेवूनही नशेच्या वाजवी संशयावर थांबवणे बहुमताने वैध ठरले. भरकटणे हा नशेचा पुरावा म्हणून वापरायला कोणाची हरकत नाही.

ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये वेगळी वाट धरली. गाडी दोनदा कडेची पांढरी रेघ ओलांडून गेली, त्यामागे काही कारण दिसले नाही, तेवढे पुरे. धोका दाखवण्याची गरज नाही. 2020 मध्ये त्याच न्यायालयाला सांगावे लागले की रेघेला टायर टेकणे म्हणजे ओलांडणे नव्हे. धोक्याची कसोटी सोडली की इंच मोजत बसावे लागते, ते असे.

टेक्सासच्या निकालालाही पुढे एक अडचण आली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या हायन खटल्यात म्हटले होते की, कायदा समजण्यात पोलिसाची वाजवी चूक झाली तरी थांबवणे वैध राहू शकते. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर एकट्या विरोधात होत्या. हायनच्या निकालाचा आधार घेऊन टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयाने 2024 मध्ये असा निवाडा दिला की, 2022 पूर्वी कलमाचा अर्थ संदिग्ध होता, म्हणून तेव्हा चुकीच्या अर्थाने थांबवलेली गाडी कायदेशीरच थांबवली गेली. मला सोटोमायोर यांचे भिन्नमत पटते. कायदा माहीत नव्हता, ही सबब चालकाला मिळत नाही, मग ती गणवेशातल्या माणसाला का मिळावी?

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत आज पुष्कळ मराठी घरे आहेत आणि रोज या रस्त्यांवरून गाडी चालवतात. त्यांनी हे कलम मुळातून वाचावे. ते काही ओळींचेच आहे. कधी थांबवले गेलात, तर रस्त्याच्या कडेला वाद घालू नका, शांतपणे कागद दाखवा. पण न्यायालयात पोहोचलात, तर एक प्रश्न वकिलाकडून जरूर विचारवून घ्या: रेघ ओलांडली हे ठीक, त्याने धोका कोणाला झाला? नोव्हेंबर 2022 पासून टेक्सासमध्ये त्याचे उत्तर सरकारपक्षाने द्यायचे आहे.