यंत्रासाठीं लिहिलेलें गद्य

ॲन्थ्रॉपिक कंपनीनें २०२४ च्या नोव्हेंबरांत 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' प्रसिद्ध केल्यापासून गद्याचा एक नवा प्रकार रूढ होत आहे. संगणकाचें एखादें साधन काय करतें व त्यास कोणती माहिती पुरवावी, हें चार ओळींत सांगावयाचें. आणि वाचणारा माणूस नव्हे, तर 'एजंट' नांवाचा यांत्रिक कारभारी. या प्रकारांतील बरेंचसें लेखन आम्हांस सदोष वाटतें.

समजा, एका साधनाचें वर्णन असें आहे: 'पावसाची तालुकावार माहिती देतें.' वाक्य शुद्ध आहे, खोटेंही नाहीं. परंतु डहाणू व तलासरी हे तालुके ३१ जुलै २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यांत होते. दुसऱ्या दिवशीं ते नव्या पालघर जिल्ह्यांत आले. जुन्या नोंदी ठाण्याखालींच राहिल्या असल्या, तर 'पालघर' म्हणून विचारणाऱ्या एजंटास मागील वर्षांचें उत्तर रिकामें मिळेल. तो तीं वर्षें शून्य पावसाचीं धरील आणि वीस वर्षांची सरासरी बिनदिक्कत काढून देईल. त्या आंकड्यावर विसंबून घोलवडच्या चिकूवाल्यानें बागेच्या पाण्याची तजवीज करावी काय? कचेरींतला मुरलेला कारकून असता, तर हंसून ठाण्याचें दप्तर काढता. एजंटापाशीं लिहिलेल्या वर्णनावांचून दुसरा आधार बहुधा नसतो.

'ऑगस्ट २०१४ पूर्वीच्या नोंदी ठाणे या नांवाखालीं पाहाव्या. रिकामें उत्तर म्हणजे नोंद नाहीं, पाऊस नाहीं असें नव्हे. पाऊस मिलिमीटरांत आहे,' एवढें लिहिलें असतें तर पुरें होतें.

वर्णन लांबल्यास यंत्राचें लक्ष विखुरतें, असा आक्षेप घेतात व तो खरा आहे. मग 'अत्यंत उपयुक्त', 'सर्वसमावेशक' हीं विशेषणें आधीं गाळावीं; तीं आम्हांस जागोजाग आढळलीं.