मायामीचे आकडे आणि नमुन्यातली वीस माणसं

बाहेरचे मजूर आले की इथल्यांची मजुरी पडते का? या वादात मायामी येतंच. 1980 मध्ये क्युबाच्या मारिएल बंदरातून सुमारे 1,25,000 माणसं अमेरिकेत आली. मायामीतले कामगार साधारण 7 टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड यांना (1990) मजुरीवर परिणाम जवळजवळ दिसला नाही. जॉर्ज बोर्हास यांनी (2017) फक्त शाळा अर्धवट सोडलेले, हिस्पॅनिक नसलेले पुरुष घेतले. घसरण 10 ते 30 टक्के निघाली.

बोर्हास यांचा प्रश्न रास्त आहे. झळ तळातल्यालाच बसणार. सरासरीत ती दिसणार कशी? उत्तर मात्र पटत नाही. इतकं गाळल्यावर नमुन्यात वर्षाला वीसेक माणसं उरतात. शिवाय क्लेमेन्स आणि हंट यांनी दाखवलं, की त्याच सुमारास या गटात कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण वाढलं, आणि त्यांची मजुरी मुळातच कमी होती. मग मजुरी पडली, की मोजलेली माणसं बदलली?

आणखी एक. मारिएलवाल्यांना सरकारनेच राहू दिलं होतं. कागदपत्रं नसलेला मजूर पगार बुडाला तरी तक्रार करायला घाबरतो. त्याच्याबद्दलचा निकाल मायामीच्या आकड्यांतून कसा काढायचा?