भिंतीवरचीं चित्रें आणि त्यांचे चितारी

गेल्या उन्हाळ्यांत हर्णे येथें एका स्नेह्यांच्या घरीं आमचा मुक्काम होता. माळ्यावरची पत्र्याची जुनी ट्रंक कांहीं निमित्तानें उघडली, तों तळाशीं अंथरलेला एक जाड कागद हातीं आला. उलटून पाहतों तों ती एका बोलपटाची जाहिरात! नायिकेचा अर्धा चेहरा, गालावर हिरवट सावली, केसांमागें केशरी आकाश. चित्रपटाचें नांव वाळवीनें खाल्लेलें. खालच्या कडेला छापखान्याचें नांव मात्र अर्धेंमुर्धें वाचतां येत होतें. चित्रकाराचें नांव कोठेंच नव्हतें. घरच्या आजी म्हणाल्या, "असले कागद ट्रंकेंत घालायलाच बरे. भिंतीवर लावले असते तर मामंजींनीं मलाच घराबाहेर काढलं असतं." आणि त्याच घराच्या ओटीवर रविवर्म्याची लक्ष्मी चौकटींत बसून रोजचें फूल घेत आहे!

हा पंक्तिप्रपंच आम्हांस मुळींच पटत नाहीं. लक्ष्मी काय आणि ही नायिका काय, दोघींचें माहेर एकच, तें म्हणजे शिळाछापाचा दगड. राजा रविवर्मा यांनीं १८९४ मध्यें मुंबईस छापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. ज्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ मध्यें 'राजा हरिश्चंद्र' दाखविला, त्यांनींही त्यापूर्वीं याच छापखान्यासाठीं काम केलें होतें. तेव्हां देव्हाऱ्यांतलें चित्र आणि चित्रपट हीं एकाच अंगणांत वाढलेलीं भावंडें होत. फरक इतकाच कीं, एकाच्या पाठीशीं राजाचें नांव होतें, आणि दुसऱ्याच्या पाठीशीं पोटासाठीं रंगाचा डबा उचलणारा कारागीर.

महाराष्ट्रांत या कलेचा उगम पाहावयाचा तर कोल्हापुरास गेलें पाहिजे. आनंदराव व बाबूराव पेंटर हे नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून नांवाजलेले. आनंदराव १९१६ मध्यें निवर्तले. बाबूरावांनीं पुढें महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० मध्यें 'सैरंध्री' काढला. आपल्या चित्रपटांचीं जाहिरातचित्रें ते स्वतः रंगवीत. १९२४ च्या 'कल्याण खजिना' चें त्यांचें चित्र हें आज उपलब्ध असलेल्या भारतीय जाहिरातचित्रांत सर्वांत जुनें मानलें जातें. कंपनीच्या मूकपटांचे थोडेफार तुकडेच काय ते उरले आहेत. ज्याची जाहिरात करावयाची तें गेलें आणि जाहिरात मागें राहिली!

पडदे रंगविण्याचा हा संस्कार आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. नाटकाचा पडदा शेवटच्या रांगेंतून, दिव्याच्या उजेडांत दिसावयाचा असतो. तो रंगविणारा बारकाव्यांचा मोह सोडावयास आणि काळोख-उजेडाचे मोठे गट मांडावयास आपोआप शिकतो. भिंतीवरच्या चित्राचें गिऱ्हाईक तर त्याहून कठीण. तो रस्त्यानें चाललेला, पुष्कळदां निरक्षर, आणि क्षणभरच मान वळविणारा. त्याला शौर्य, शृंगार कीं भक्ति हें त्या एका क्षणांत कळलें पाहिजे. दिवाणखान्यांतल्या चित्राचे निकष लावून "रंग भडक आहेत" अशी नाकें मुरडणाऱ्या टीकाकारांनीं हें चित्र कधीं योग्य अंतरावरून पाहिलेंच नाहीं, असें आम्हांस म्हणावें लागतें.

आणि ते रंग तरी कोठून आले? चिताऱ्याच्या हातीं येई तें काळेंपांढरें छायाचित्र. त्यावर चौकटी आंखून तो तें मोठ्या कापडावर उतरून घेई; पण नायिकेच्या गालावर हिरवें कोठें आणि खलनायकाच्या कपाळावर जांभळें कोठें, हा निर्णय सर्वस्वीं त्याचा. कारखान्यांत उस्ताद चेहरे रंगवी, शागीर्द पार्श्वभूमि आणि अक्षरें भरीत. खेळ उतरला कीं त्याच कापडावर पांढरा हात फिरवून दुसरा चित्रपट चढे. अशा रीतीनें पुसल्या गेलेल्या चेहऱ्यांची मोजदाद कोण करणार?

पंढरपुरास जन्मलेले मकबूल फिदा हुसेन १९३० नंतरच्या दशकांत मुंबईंत असेच फलक रंगवीत. त्यांचे चरित्रकार त्या वर्षांकडे हलाखीचे दिवस म्हणून पाहतात. आमच्या मतें तीच त्यांची शाळा होती. त्यांच्या रेषेचा बेधडकपणा फलकाच्या उंचीवरूनच आला असावा. कोल्हापूरचे जी. कांबळे यांची कथा याहून बोलकी आहे. व्ही. शांताराम यांच्या राजकमलमध्यें काम करणाऱ्या या चित्रकाराला के. आसिफ यांनीं १९६० मध्यें प्रदर्शित झालेल्या 'मुगल-ए-आझम' च्या जाहिरातचित्रांसाठीं मोठ्या आग्रहानें बोलाविलें. शासनानें मान्य केलेलें शिवछत्रपतींचें चित्र याच हाताचें. तें आपण सर्वांनीं कचेऱ्यांतून कितीदां तरी पाहिलें आहे. पण चित्रकाराचें नांव विचारलें तर शंभरांतले किती सांगतील?

दोषही सांगितले पाहिजेत. नटांची संख्या वाढली तशीं कित्येक चित्रांत नुसतीं मुंडकीं रचलीं जाऊं लागलीं. दिवाकर करकरे यांच्यासारख्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या चित्रकारानें 'दीवार' च्या (१९७५) काळांत जाड रंगाच्या जोरकस फटकाऱ्यांनीं या प्रकाराला पुन्हां जीव आणला खरा. परंतु फटकाऱ्यांची नक्कल सोपी, रचनेची नव्हे. १९९० नंतर संगणकावर छापलेलें फ्लेक्स आलें आणि कारखाने एकामागून एक ओस पडले.

आतां हींच चित्रें लिलावांत मोठ्या किंमतीस जातात. विक्रीच्या यादींत नटाचें नांव असतें, दिग्दर्शकाचें असतें. चित्रकाराच्या जागीं बहुधा 'अज्ञात'. हर्णेच्या किनाऱ्यावर सायंकाळीं मासळीचा लिलाव चालतो. तेथें निदान माल कोणाच्या होडीचा हें तरी सर्वांस ठाऊक असतें!

त्या ट्रंकेंतल्या कागदाला कांचेची चौकट करावी काय, असें आजींनीं मागाहून विचारलें. आम्हीं सांगितलें कीं, घाई नको. सध्यां तो दोन पुठ्ठ्यांमध्यें सपाट, उन्हापासून व दमटपणापासून दूर ठेवावा, गोंद किंवा चिकटपट्टी लावूं नये. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा कागद असेल, तर त्यांनीं खालचा उजवा कोपरा भिंगाखालीं एकदां अवश्य पाहावा. कधींकधीं साडीच्या निरींत किंवा ढगाच्या कडेला चितारी आपली सही लपवीत. सांपडली तर आम्हांस कळवावें. येथें ती आनंदानें छापूं.