परदेशातील स्पॅनिश भाषा-संस्कृतीचे अभ्यासक्रम : रत्नागिरीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक परीक्षण

परदेशी विद्याभ्यास ही रत्नागिरी जिल्ह्याला नवी गोष्ट नव्हे. दापोली तालुक्यातून पुढे आलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिज येथे सीनियर रँग्लर झाले, तेव्हा त्यांचा विषय गणित होता. भाषा हे त्या विषयापर्यंत पोचण्याचे केवळ साधन होते, आणि ते साधन त्यांनी येथेच हस्तगत केलेले होते. पुढील दोन-तीन पिढ्यांचेही असेच झाले. कायदा, वैद्यक, स्थापत्य, शेती अशा एखाद्या विषयासाठी विद्यार्थी समुद्रापार जाई. भाषा हाच विषय आणि तिचा प्रदेश हेच तिचे महाविद्यालय, ही कल्पना त्या मानाने अलीकडची आहे. स्पेनमध्ये किंवा मेक्सिकोसारख्या देशात काही आठवडे अथवा एक सत्र राहून स्पॅनिश भाषा व संस्कृती शिकविणारे जे अभ्यासक्रम आज भारतीय विद्यार्थ्यांपुढे मांडले जातात, ते या कल्पनेवर उभारलेले आहेत. या अभ्यासक्रमांचे कौतुक पुष्कळ होते. परीक्षण मात्र क्वचितच होते. ते कोणासाठी रचले गेले, हा प्रश्न तर विचारलाच जात नाही.

वास्तविक त्याचे उत्तर इतिहासात स्पष्ट आहे. माद्रिद येथील इतिहास-संशोधन केंद्र १९१० साली स्थापन झाले आणि रामोन मेनेन्देस पिदाल यांच्या नेतृत्वाखाली १९१२ पासून परदेशीयांसाठी सुटीतील वर्ग भरू लागले. तोमास नावारो तोमास यांचा उच्चारशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथ १९१८ चा; परदेशी विद्यार्थ्याच्या जिभेवर स्पॅनिश कशी बसवावी याची काळजी त्या ग्रंथात पानोपानी दिसते. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाने १९२१ साली पेद्रो एन्रीकेस उरेन्या यांच्या देखरेखीखाली अशीच एक ग्रीष्मशाळा उघडली. तिच्यात मुख्यतः संयुक्त संस्थानांतील शिक्षक येत. या दोन्ही उपक्रमांमागे थोर विद्वान होते. परंतु त्यांच्यासमोर बसलेला विद्यार्थी प्रामुख्याने इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन बोलणारा होता, आणि पुढील शंभर वर्षांत या क्षेत्रात जी पाठ्यपुस्तके निर्माण झाली त्यांनी पुष्कळ अंशी तोच विद्यार्थी गृहीत धरला. रत्नागिरीचा विद्यार्थी त्या वर्गात जाऊन बसतो तो जणू दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा घालून.

याचा परिणाम व्याकरणात प्रथम दिसतो. 'मला आंबा आवडतो' हे वाक्य स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो' असे होते; आंबे अनेक असतील तर 'मे गुस्तान लोस मांगोस'. दोन्ही भाषांत आवडणाऱ्या वस्तूकडे कर्तेपण जाते, क्रियापद तिच्या वचनाप्रमाणे चालते आणि ज्याला ती आवडते तो चतुर्थीत जाऊन बसतो. मराठी मुलाला यात समजावून सांगण्यासारखे काहीच नाही. पण इंग्रजीच्या आधारे लिहिलेल्या पुस्तकात हाच प्रयोग मोठी अडचण म्हणून येतो; 'आंबा मला सुख देणारा आहे' अशा कृत्रिम उलगड्याने तो शिकविला जातो, आणि मराठी विद्यार्थी आपल्याला जन्मतः येत असलेली गोष्ट परक्याची अडचण म्हणून पाठ करतो! प्राणिवाचक कर्मापूर्वी येणाऱ्या 'आ' या अव्ययाचेही तसेच. 'वेओ एल लीब्रो' म्हणजे 'मी पुस्तक पाहतो'. 'वेओ आ पेद्रो' म्हणजे 'मी पेद्रोला पाहतो'. पुस्तकाला 'ला' लागत नाही, पेद्रोला लागतो. स्पॅनिशमध्ये 'आ' चे काम नेमके हेच. इंग्रजी भाषकाला या 'आ' साठी स्वतंत्र धडा लागतो. मराठीभाषकाला एक ओळ पुरावी.

आणखीही काही स्थळे दाखविता येतील. 'तू' आणि स्पॅनिश 'तू' हे शब्द अर्थाने व ध्वनीने इतके जवळ आहेत की त्यांचे प्राचीन नाते कानालाच कळते. 'उस्तेद' हे आदरार्थी सर्वनाम 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचे संक्षिप्त रूप असून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येते. समोरच्या माणसाला 'स्वामींनी आज्ञा करावी' किंवा 'रावसाहेब काय म्हणतात?' असे विचारण्याची आपली जुनी पद्धत ज्याने ऐकली आहे त्याला यात नवल वाटू नये. 'किएरो के वेंगास' या वाक्यातील 'वेंगास' या रूपाला इंग्रजीत सहज जोड सापडत नाही. 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे' यातील 'यावेस' त्याच्या पुष्कळच जवळ जाते. स्पॅनिश त-द हे दंत्य वर्ण आहेत, म्हणजे आपलेच त-द. तरीही इंग्रजीतून स्पॅनिश शिकलेला मराठी विद्यार्थी 'तोमाते' ऐवजी 'टोमाटे' म्हणू लागतो. कारण इंग्रजीतील 'टी' साठी आपण शाळेत 'ट' ठरवून ठेवलेला असतो, आणि तोच 'ट' समुद्र ओलांडून बरोबर येतो.

अर्थात मराठी ही सर्व कुलुपांची किल्ली आहे असा दावा करणे हास्यास्पद होईल. 'सेर' आणि 'एस्तार' या दोन 'असणे' वाचक धातूंतील भेद मराठीतील एकट्या 'आहे' च्या आधारे उलगडत नाही. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' ही आपली भूतकाळी रचना तर उलट घातकच आहे. स्पॅनिश क्रियापद खाणाऱ्याचे अनुसरण करते, खाल्लेल्याचे नव्हे. आपली तीन लिंगे तेथे दोन होतात आणि नपुंसकलिंगी नामांचे काय करावे हे प्रत्येक शब्दापाशी शिकावे लागते. मुद्दा एवढाच की, सुलभता कोठे आहे आणि धोका कोठे आहे याचा नकाशा मराठी विद्यार्थ्यासाठी वेगळा आहे, आणि परदेशातील वर्गात तो कोणी काढून देणार नाही. तेथील शिक्षकाला मराठी येत नाही. हा त्याचा दोष नव्हे. तो नकाशा येथेच, प्रस्थानापूर्वी, काढला गेला पाहिजे.

'तेथे राहिले की भाषा आपोआप येते' या समजुतीचीही थोडी झडती घेणे आवश्यक आहे. सकाळी वर्ग, दुपारी यजमान कुटुंबात भोजन, आठवड्याच्या अखेरीस सहल, असा या अभ्यासक्रमांचा सर्वसाधारण साचा असतो. वर्गात सभोवती बसतात ते सर्व परदेशीच. मधल्या सुटीत त्यांची समाईक भाषा इंग्रजी असते, आणि तीत भारतीय विद्यार्थी इतरांहून काकणभर सरसच असल्याने तिचा मोह त्याला अधिक. कोकणच्या भूमीला स्थानिक भाषा तिच्या प्रदेशात राहून शिकणाऱ्या परदेशी माणसाचे एक जुने उदाहरण ठाऊक आहे. फादर टॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, मराठीत त्यांनी रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांचे कोंकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. ओवीत मराठी लिहिण्याची योग्यता येण्यास त्या मनुष्याला तीन तपे लागली. चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाने स्टीफन्स निर्माण व्हावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही, पण प्रमाणपत्रावर 'भाषा व संस्कृती' अशी जोडअक्षरे छापताना थोडा संकोच असावयास हरकत नव्हती.

संस्कृतीचा भाग हा तर या अभ्यासक्रमांचा सर्वात दुबळा भाग होय. भाषेच्या पातळ्या मोजण्यासाठी निदान २००१ पासून युरोपात मान्य झालेली सहा पायऱ्यांची चौकट आहे. संस्कृतीला तेवढाही गज नाही. म्हणून ती बहुधा फ्लामेंकोचे नृत्य, एखादे प्रार्थनामंदिर, एखादा खाद्यपदार्थ आणि संग्रहालयातील दोन तास अशा रूपात वाढली जाते. शिवाय स्पॅनिश ही वीस सार्वभौम राष्ट्रांची व्यवहारभाषा असता तिची संस्कृती म्हणून ज्या देशात वर्ग भरला त्या एकाच देशाचे चित्र दाखविले जाते.

रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला या बाबतीत तर फार वेगळ्या वाटेने नेता आले असते, कारण आयबेरियन जग त्याच्या घरात अगोदरच शिरलेले आहे. हापूस या नावातच अफोन्सो आहे. चावी, पगार, मेज, पाव, अननस हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, आणि १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालचा, म्हणून गोव्याचाही, राजा स्पेनचाच राजा होता. स्वयंपाकघरातला 'बटाटा' मुळात कॅरिबियन बेटांवरील रताळ्याचे नाव. स्पेनमध्ये बटाट्याला 'पताता' म्हणतात, मेक्सिकोपासून चिलीपर्यंत मात्र आंदेस पर्वतातील जुना 'पापा' हाच शब्द चालतो. या एका भाजीच्या नावाने स्पेन आणि अमेरिका यांतील भेद जितका उघड होईल तितका तो व्याख्यानाने होणार नाही. काजू ब्राझीलहून पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यास लागला, नावासकट. मेक्सिकोत त्याच काजूला 'हिंदुस्थानचे कवचफळ' अशा अर्थाचे नाव आहे. आणि आंबा? आकापुल्को व मनिला यांमध्ये १५६५ ते १८१५ पर्यंत ये-जा करणाऱ्या स्पॅनिश गलबतांच्या मार्गाने तो मेक्सिकोत पोचला आणि आजही तेथील एका लोकप्रिय जातीस 'मनिला' हेच नाव आहे. आंब्याच्या बागेत वाढलेल्या मुलाने मेक्सिकोच्या बाजारात त्या आंब्यापाशी उभे राहून विक्रेत्याशी दहा वाक्ये बोलावीत, हा संस्कृतीचा खरा धडा झाला असता. त्यासाठी सहलीच्या बसची आवश्यकता नव्हती.

भाषा एखाद्या कामाच्या पोटातून शिकण्याचे मराठी माणसाचे उदाहरण शोधू गेल्यास पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव घ्यावे लागते. ते वर्ध्याचे, कोकणातले नव्हेत. गदर चळवळीतील हा क्रांतिकारक अमेरिकेत शेतकीचे शिक्षण घेऊन १९२० नंतरच्या दशकात मेक्सिकोत स्थिरावला, चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाला, मक्याच्या वाणांवर त्याने संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतकी शाळा चालविल्या. दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. १९६७ साली नागपूर येथे त्यांचे निधन झाले. खानखोजे मेक्सिकोत गेले ते भाषा शिकण्यासाठी नव्हे. पण मक्याविषयी शेतकऱ्याला काही सांगावयाचे तर ते त्याच्या भाषेतच सांगावे लागे. त्यांच्या वाट्याला आलेली वर्षे आणि निकड कोणत्याही सत्रात बसविता येणार नाहीत, त्यामुळे या उदाहरणाला फार ताणणेही बरोबर नाही. तथापि ज्याच्याजवळ स्वतःचा असा एखादा विषय आहे त्याला भाषा धरून ठेवते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. बागायत, मासेमारी, बंदरांचा इतिहास, संतवाङ्मय यांपैकी काहीतरी बरोबर घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला यजमान कुटुंबाच्या भोजनप्रसंगी बोलावयाचे काय हा प्रश्न पडणार नाही.

या परीक्षणात पणाला काय आहे, हे अखेरीस पैशाच्या भाषेतही मांडता येईल. आंब्याच्या एका हंगामाचे उत्पन्न किंवा बँकेचे कर्ज यांवर मुलाला पाठविणाऱ्या घराला तो हिशोब कोणी शिकवावा लागत नाही. परंतु विभागाच्या दृष्टीने हानी दुसरीच आहे. सेर्वांतेस, लोर्का, नेरूदा, गार्सिया मार्केस हे मराठीत बहुतांशी इंग्रजीच्या मध्यस्थीने आले. परदेशी जाऊन आलेला विद्यार्थी जर स्पॅनिशही इंग्रजीच्याच खिडकीतून पाहून परतला, तर त्याच्या हातून होणारे भाषांतर मुळावरून केलेले म्हणविले जाईल, पण त्यातील 'मे गुस्ता' चे आधी इंग्रजी होईल आणि मग मराठी. यास्तव प्रस्थानापूर्वी एक सत्रभर मराठी माध्यमातून स्पॅनिश व्याकरणाची तुलनात्मक तोंडओळख, विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला एक विषय, आणि परतल्यावर त्या विषयावरील दहा पानांचे मूळ स्पॅनिशवरून थेट मराठीत केलेले भाषांतर, इतक्या अटी विभागाने घालाव्यात. त्यांपैकी पहिली सर्वात कठीण आहे. कारण त्यासाठी लागणारे मराठीभाषकांचे स्पॅनिश व्याकरण कोणीतरी आधी लिहावयास हवे, आणि त्याचा पहिला धडा 'मला आंबा आवडतो' हाच असावयास हवा.